त्याच दिवशी दात की तीन महिने थांबायचं?

निपाणीच्या भाऊंचा प्रश्न असा: धाकट्या भावाचा वरचा पुढचा दात गाडीवरून पडून मुळापासून तुटलाय आणि महिन्याभरात साखरपुडा आहे. बेळगावातले एक डॉक्टर म्हणतात इम्प्लांट, म्हणजे मुळाच्या जागी हाडात पिळायचा स्क्रू, घातल्या दिवशीच त्यावर टेम्पररी कॅप देतो, दुसरे म्हणतात तीन-चार महिने थांबा. फसवतंय कोण?

कोणीच नाही. मी डॉक्टर नव्हे, वीस वर्षं बेळगावात दातांच्या लॅबमध्ये कॅप घासतोय. खरा निर्णय खुर्चीतच होतो. इम्प्लांट पिळताना रॅचेटवर, म्हणजे जोर दाखवणाऱ्या पान्यावर, साधारण 35 न्यूटन-सेंटीमीटर जोर लागला, म्हणजे हाडानं घट्ट धरलं, तर लगेच कॅप देतात. 15-20 वरच फिरत राहिला तर शहाणा डॉक्टर हिरडी शिवून घरी पाठवतो. त्यामुळे 'त्याच दिवशी नक्की' म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा, नाहीच जमलं तर काय देणार? काढता-घालता दात आधीच करून ठेवायला सांगा, फोटोत फरक कळत नाही. थांबा म्हणणारेही चुकत नाहीत. स्वीडनच्या ब्रोनेमार्कनी 1965 साली पहिल्या पेशंटला इम्प्लांट बसवले. त्यांच्या पद्धतीत खालच्या जबड्यात तीन आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबायचं असे.

लगेच दिलेली कॅप दाखवायची, चावायची नव्हे. दातांत निळा कागद धरून तोंड मिटलं की बाकीच्या दातांवर ठिपके उमटतात. या कॅपवर एकही उमटता कामा नये. खालचा जबडा पुढे, बाजूला सरकवूनही नाही. सुरुवातीला मी एकाची कॅप हौसेनं शेजारच्या दाताइतकी लांब केली, अगदी हुबेहूब. मिटल्यावर ठिपका नव्हता, जबडा पुढे सरकवला की यायचा. मी ते बघितलं नाही, खुर्चीपाशीही सुटलं. चौथ्या आठवड्यात इम्प्लांट कॅपसकट हातात.

चौथाच आठवडा का? सुरुवातीची पकड नुसती स्क्रूच्या आट्यांची असते. आट्यांभोवतीचं जुनं हाड थोडं झिजतं, नवं अजून धरलेलं नसतं. या मधल्या काळात इम्प्लांट दीडशे मायक्रॉनच्या (0.15 मिलिमीटरच्या) वर हलत राहिला की हाडाऐवजी तंतुमय पडदा धरतो, आणि मग तो काढावाच लागतो. दुखत तर काहीच नसतं, म्हणून माणूस बिनधास्त उसाचं कांडं सोलायला बसतो! तुमचा साखरपुडा नेमका त्याच सुमारास येतोय. कुंदा खाऊ दे पोटभर. कणीस, कडक भाकरीचा काठ पुढच्या दातानं तोडायचा नाही. रात्री दात खात असेल तर आधीच सांगा.

जमल्यास कॅप सिमेंटनं चिकटवलेली नको, स्क्रूनं बसवलेली मागा. सिमेंट ताज्या जखमेत उतरलं की हिरडी सुजत राहते.

आणि भाऊ विडी-सिगारेट ओढतो का, तेही डॉक्टरांना खरं सांगा. धुरानं जखम भरायला आणि हाड धरायला उशीर होतो. तंबाखूच्या निपाणीचे म्हणून विचारलं, राग मानू नका.