नऊ वर्षांनंतर पुन्हा कॉकपिटमध्ये

प्रश्न : नऊ वर्षांपूर्वी मी दोन इंजिनांच्या प्रवासी जेट विमानावर सहवैमानिक होते. लॉगबुकात सुमारे २,८०० तासांची नोंद आहे. मुलाचा जन्म आणि पाठोपाठ आईचे दीर्घ आजारपण यांमुळे नोकरी सोडावी लागली. आता माझे वय ४२ आहे. इतक्या खंडानंतर कोणी कामावर घेईल का, आणि साठवलेले पैसे आधी टाइप रेटिंगवर, म्हणजे एका जातीचे विमान उडवण्याच्या पात्रतेवर, खर्च करावेत का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : आत्ता तरी नको. टाइप रेटिंग एका विशिष्ट जातीच्या विमानापुरतेच असते आणि प्रवाशांना घेऊन उडायचे तर गेल्या ९० दिवसांत किमान तीन टेकऑफ व तीन लँडिंग झालेली असावी लागतात. त्यामुळे नोकरी हाती नसताना घेतलेले रेटिंग नुसते पडून राहते आणि वर्षभरात त्यावर पुन्हा पैसे घालण्याची वेळ येते. पहिला खर्च क्लास वन, म्हणजे व्यावसायिक वैमानिकांसाठी असलेल्या, वैद्यकीय तपासणीचा करावा. तीत एखादी शंका निघाली, तर तिचा निकाल लागेपर्यंत काही महिने जाऊ शकतात. त्यानंतर परवाना, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचे दिसत नसताना केवळ उपकरणांवर उडण्याची पात्रता) आणि इंग्रजी प्रावीण्याची नोंद यांपैकी काय चालू आहे व काय संपले आहे, हे परवाना देणाऱ्या प्राधिकरणाकडून लेखी मागवून घ्या. जुन्या सहकाऱ्यांच्या आठवणीतले नियम बहुधा त्यांच्या काळातले असतात.

वयाची काळजी नको. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक उड्डाणांसाठी वयोमर्यादा ६५ आहे, म्हणजे तुमच्या हाती अजून २३ वर्षे आहेत. मात्र ज्येष्ठतेच्या यादीत बहुधा तळापासून सुरुवात करावी लागेल आणि डाव्या आसनावर तुमच्याहून दहा वर्षांनी लहान कॅप्टन बसलेला असेल, याची मनाशी तयारी हवी.

खरी तयारी वेगळीच आहे. विमान हाताने उडवण्याचे कसब फारसे विसरले जात नाही. पहिल्या एक-दोन सिम्युलेटर सत्रांत ते बरेचसे परत येते. विसरतो तो कामांचा क्रम, आणि त्याबरोबर लक्ष कोणत्या क्षणी कुठे असावे याचे भान. टेकऑफच्या ऐन क्षणी एक इंजिन बंद पडले की पाय रडरच्या (शेपटीवरच्या दिशादर्शक पंखाच्या) पेडलवर जातो, दिशा सावरली जाते, विमान चढू लागल्याची खात्री होताच चाके आत घेतली जातात, आणि बहुतेक कंपन्यांच्या कार्यपद्धतीनुसार निदान ४०० फुटांपर्यंत विमान नीट उडवत ठेवण्याखेरीज दुसरे काही करायचे नसते. दीर्घ खंडानंतर परतलेला वैमानिक नेमका इथेच घाई करतो, बिघाड शोधू लागतो आणि विमानाचा वेग त्याच्या नजरेतून निसटतो. म्हणून कॉकपिटचे मोठे चित्र भिंतीवर लावून, समोर खुर्ची टाकून, रोज अर्धा तास हे क्रम मोठ्याने म्हणत हातांनी करावेत. (घरच्यांना आधी कल्पना देऊन ठेवावी, हवेतला लिव्हर ओढणारे माणूस पाहून कोणीही दचकेल.)

मधल्या काळात बदललेल्या गोष्टींचाही अभ्यास हवा. उदाहरणार्थ, ४ नोव्हेंबर २०२१ पासून धावपट्टीच्या पृष्ठभागाची स्थिती जगभर एकाच पद्धतीने कळवली जाते : धावपट्टीच्या प्रत्येक तृतीयांश भागाला ० ते ६ असा अंक मिळतो आणि कोरड्या पट्टीचा अंक ६ असतो. मुलाखतीत यावर प्रश्न आला, तर उत्तरावरूनच तुमचा अभ्यास किती ताजा आहे हे कळते. खंडाबद्दल मात्र दोनच वाक्यांत सांगावे आणि दिलगिरीचा सूर टाळावा.

वैद्यकीय प्रमाणपत्र हाती आले की सिम्युलेटरचे एखादे सत्र स्वतःच्या खर्चाने अवश्य घ्या. प्रशिक्षकाला गुण न देण्याची विनंती करा आणि कोणत्या क्षणी विमान पुढे गेले आणि तुमचे लक्ष व हात मागे पडले, तेवढेच त्यांच्याकडून टिपून घ्या. पुढच्या महिन्याचा अभ्यास त्या टिपणावरून ठरवता येईल.