डब्ल्यूडब्ल्यूईचा खरा मालक कोण? कुस्ती खोटी असूनही ही कंपनी एवढा पैसा कसा कमावते, आणि तिचे शेअर भारतातून घेता येतात का?

तुमच्या प्रश्नातलं ‘खोटी असूनही’ हे आमच्या आप्पांचं वाक्य आहे. आप्पा म्हणजे माझे थोरले काका, उमेदीत स्वतः पैलवान, आता गावच्या यात्रा समितीचे अध्यक्ष. या विषयावर त्यांची-माझी जुनी खडाखडी आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

मालकीचं आधी उरकतो. १२ सप्टेंबर २०२३ पासून डब्ल्यूडब्ल्यूई ही वेगळी कंपनी राहिलेली नाही. ती आणि यूएफसी (पिंजऱ्यातल्या मिश्र मार्शल आर्ट लढती भरवणारी कंपनी) एकत्र करून टीकेओ ग्रुप होल्डिंग्ज झाली. त्या वेळी ५१ टक्के हिस्सा यूएफसीची मालक असलेल्या एन्डेव्हर कंपनीकडे गेला आणि ४९ टक्के डब्ल्यूडब्ल्यूईच्या जुन्या भागधारकांकडे राहिला. सौद्यात डब्ल्यूडब्ल्यूईची किंमत ९३० कोटी डॉलर धरली होती. पुढे मार्च २०२५ मध्ये सिल्व्हर लेक या गुंतवणूक कंपनीने एन्डेव्हरच ताब्यात घेऊन शेअर बाजारातून बाहेर काढली. म्हणजे चाव्या आज सिल्व्हर लेककडे. टीकेओ चालवतो एरी इमॅन्युएल. डब्ल्यूडब्ल्यूईचा जुना मालक व्हिन्स मॅकमहन, त्याचा जावई ट्रिपल एच अजून तिथे आहे, पण नोकरीला.

खुद्द व्हिन्स मॅकमहनची गोष्ट समजली तर मालकी कशाला म्हणतात ते कळतं. बापाकडून १९८२ साली त्याने कंपनी विकत घेतली. ऑक्टोबर १९९९ मध्ये १७ डॉलरने शेअर बाजारात आणला. पण पब्लिकला दिला तो अ वर्गाचा शेअर, त्याला एक मत. स्वतःकडे ठेवला तो ब वर्गाचा, त्याला दहा मतं. जुलै २०२२ मध्ये बायकांना गुपचूप दिलेल्या पैशांचं प्रकरण निघालं आणि त्याला पायउतार व्हावं लागलं. तेव्हा त्याच्याकडे शेअर निम्म्यापेक्षा कमी होते, पण मतं ८० टक्क्यांच्या घरात. त्या मतांच्या जोरावर जानेवारी २०२३ मध्ये तो परत आला, संचालक मंडळात आपली माणसं बसवली आणि कंपनी विकायला काढली. बाकी भागधारक बघत बसले. पुढच्या जानेवारीत नवा खटला उभा राहिला आणि त्याला टीकेओतूनही बाहेर पडावं लागलं.

हे अमळनेरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. विप्रो १९४५ साली आमच्याच अमळनेरात वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झाली. त्या काळी घेतलेले शेअर पेटीच्या तळाशी सांभाळून ठेवलेली घरं आजही इथे आहेत, आणि त्यातली कित्येक कोट्यधीश झाली. पण त्यातल्या कुणाला विचारून विप्रोने काही ठरवलंय का? सत्तर टक्क्यांच्या वर शेअर प्रेमजींकडे. बाकीच्यांना डिव्हिडंड मिळाला, बोनस मिळाला, ते खूश आहेत. तक्रार नाही, पण कोण काय ठरवतं ते माहीत असावं.

आता पैशाचं. कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो हे काही गुपित नाही. १९८९ साली कंपनीनेच न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे सांगितलं की ही स्पर्धा नाही, करमणूक आहे. का सांगितलं? स्पर्धा म्हटली की सरकारी क्रीडा आयोगाचे नियम आले, कर आला. करमणूक म्हटलं की सुटका. आप्पा ज्याला फसवणूक म्हणतात ते त्यांनी सरकारदरबारी नोंदवून वर पैसे वाचवले.

आणि कमाई तिकिटावर नाही. २०२२ मध्ये कंपनीचं उत्पन्न होतं सुमारे १२९ कोटी डॉलर, त्यातले १०० कोटींच्या वर मीडियाचे, म्हणजे मुख्यतः दाखवण्याच्या हक्कांचे. तिकिटं, टी-शर्ट, खेळणी हे सगळं उरलेल्यात. जानेवारी २०२५ पासून ‘रॉ’ नेटफ्लिक्सवर गेलं, तो करार दहा वर्षांचा आणि ५०० कोटी डॉलरच्या वरचा. भारतातही एप्रिल २०२५ पासून सोनीवरून उठून नेटफ्लिक्सवर. दोन माणसं रिंगमध्ये आपटतात ते धान्य. हक्क हे कोठार, आणि किल्ली कोठाराला असते.

नेमका हाच मुद्दा मी आमच्या यात्रा समितीत मांडला होता.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीकाठी. चैत्रात यात्रा. पहिल्या दिवशी बारागाड्या, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी दुपारी दंगल. घरटी वर्गणी, वर कृषी केंद्रवाले, ठिबकवाले, जिनिंगवाले इनाम लावतात. हिशेबाची वही माझ्याकडे असते, कारण माझा धंदाच रिटर्न भरायचा. काही वर्षांपूर्वी बाहेरगावचा एक यूट्यूबवाला आला. दोन कॅमेरे, एक ड्रोन. मागणी काय, तर आखाड्याच्या कडेला जागा आणि माणसांचं जेवण. आप्पा एवढे हरखले की पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या थांबवून त्याला टोपी-टॉवेल-नारळ दिला. माइकवरून जाहीर केलं, आपली दंगल आता जगभर दिसणार.

दिसली. पुढच्या हंगामात जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, तिथे एका ड्रायव्हरने मोबाइल पुढे केला, ‘भाऊ, हाई तुमनं गाव ना?’ आधी मोटारसायकलच्या कर्जाची जाहिरात. ती संपली आणि माझा पुतण्या दिसला, अंगभर लाल माती, समोरच्याचा पट काढून त्याला घिश्श्यावर चितपट करताना. मधे परत जाहिरात. कोपऱ्यात चॅनलचं चिन्ह, मागे आमच्या खतवाल्याचा बॅनर अर्धा कापलेला. खाली लाखोंनी लोकांनी बघितल्याचा आकडा. पुतण्याला त्या कुस्तीचे सातशे रुपये इनाम मिळालं होतं आणि फेरी मारताना लोकांनी हातावर ठेवलेल्या दहा-वीसच्या नोटा. त्याच दंगलीत पुढच्या जोडीत त्याचा खांदा निखळला. दवाखान्याचं बिल माझ्या भावाने भरलं, कापूस विकून आलेल्या पैशातून.

समितीची बैठक मारुतीच्या पारावर असते. मी म्हटलं, यंदा शूटिंगचे हक्क लेखी द्या. आधी रक्कम घ्या, त्यातला हिस्सा पैलवानांच्या विम्याला ठेवा. आप्पा तडकले, ‘देवनी यात्रा शे, दुकान नही.’ मी डब्ल्यूडब्ल्यूईचं उदाहरण दिलं तर म्हणाले, ‘त्या खोट्या कुस्त्या. तुले काय समजस त्यामा?’ पारावरचे सगळे हसले आणि विषय तिथेच बारगळला.

आता इथे आप्पा नाहीत, म्हणून बोलतो. दुकान नाही तर माइकवर दर पाच मिनिटांनी कीटकनाशकाचं नाव कशाला घेतलं जातं? आणि खरेपणाचंच म्हणाल तर शेवटची मोठी जोड मानधन ठरवून येते, अर्धा तास एकमेकांच्या मानेवर हात ठेवून गोल फिरते आणि पंच ती बरोबरीत सोडवतात. ती कुठली कुस्ती? अमेरिकेतले निदान सांगून करतात. आपल्याकडे धंदा होतोच आहे, फक्त तो आपण सोडून बाकीचे करतात. डब्ल्यूडब्ल्यूई स्वतः यूट्यूबवर आहे, दहा कोटींच्या वर सदस्य आहेत, पण ते चॅनल तिचं स्वतःचं आहे. कुणा पाहुण्याला नारळ देऊन तिने ते सोपवलेलं नाही.

हे वाचून डब्ल्यूडब्ल्यूई म्हणजे पैलवानांचं माहेर असं समजू नका. तिथले कुस्तीगीर कंपनीचे नोकर नाहीत, कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार आहेत. रिंगमधल्या दुखापतीचा इलाज कंपनी करते, पण आरोग्य विमा ज्याचा त्याने बघायचा. संघटना नाही. २००८ मध्ये काही जुन्या कुस्तीगिरांनी यावर कोर्टात धाव घेतली होती, दावा टिकला नाही. आपला खली २००७ मध्ये तिथे वर्ल्ड चॅम्पियन झाला, नाव-पैसा दोन्ही मिळालं, पण पट्टा त्याच्या कमरेला बांधायचा की नाही हे ठरवणारा व्हिन्सच. म्हणजे मालक तिथला काय आणि इथला काय, पैलवानाच्या खांद्याची काळजी कुणालाच फारशी नाही. फरक एवढाच की त्यांच्याकडे निदान वाटायला पैसा आहे.

आणि आमच्या भागातल्या सगळ्याच मोठ्या जोडी ठरवून होतात असं मला म्हणायचं नाही. चांगल्या निकाली कुस्त्याही बघितल्यात. मॅकमहनवरचे खटल्यातले आरोपही त्याने नाकारलेत, तेही लक्षात असू द्या.

शेअरचं विचारलंत. न्यूयॉर्कच्या बाजारात टीकेओ नावाने मिळतो, परदेशी शेअरची सोय देणाऱ्या ब्रोकरकडून घेता येतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, तुमची-माझी अडचण ती मर्यादा नसावी. रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या रकान्यात दाखवायला विसरू नका, लोक हमखास विसरतात आणि नोटीस आली की माझ्याकडे येतात. माझ्याकडे हा शेअर नाही, घ्या की घेऊ नका हे मी सांगणार नाही.

आणि कुठल्याही यात्रा समितीचं कुणी हे वाचत असेल तर कागद एका पानाचा पुरतो. शूटिंग लेखी परवानगीशिवाय नाही. परवानगी एका वर्षाची, रक्कम यात्रेच्या आधी जमा. त्यातला ठरावीक हिस्सा पैलवानांच्या अपघात विम्याला, हप्ता दंगलीच्या आधी भरायचा. मसुदा मी फुकट करून देतो. आमच्या गावच्या समितीचा तर टाइप करून तयार आहे, आप्पांची सही तेवढी बाकी आहे.