पॅन्टोप्राझोल बंद केली की जळजळ दुप्पट होते. गोळीची सवय लागली का?

चार महिने रोज सकाळी पॅन्टोप्राझोल घेतली, आणि थांबवल्यावर तिसऱ्या दिवशी छातीत आधीपेक्षा जास्त जळजळ, असं तुम्ही लिहिलंय. मीही या फेऱ्यातून गेलोय. तेव्हा वाटलं होतं, आजार बळावला, आता ही गोळी जन्माची. तसं नसतं.

जठराच्या भिंतीत आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात. गोळी त्यांना खीळ घालते. औषध रक्तातून काही तासांत निघून जातं, पण खिळलेले पंप बहुतेक तसेच राहतात आणि शरीराला नवे घडवावे लागतात. म्हणून पहिले एक-दोन दिवस बरे जातात. इकडे आम्ल कमी पडतंय म्हणून गॅस्ट्रिन हे संप्रेरक चार महिने वाढलेलं असतं. खीळ निघाली की सगळं एकदम उसळतं. कसलाही त्रास नसलेल्या माणसांना 8 आठवडे अशी गोळी देऊन थांबवली, तर त्यांतल्याही बऱ्याच जणांना जळजळ झाली. ही उसळी काही आठवड्यांत ओसरते.

डॉक्टरांनी मला डोस हळूहळू उतरवायला सांगितला. मी शहाणपणा करून 40 मिलिग्रॅमची गोळी सुरीने कापली. गुळगुळीत कवच तडकलं, आतली भुकटी ताटलीभर. आता ते कवचच तर गोळीला जठरातल्या आम्लापासून वाचवून आतड्यापर्यंत नेतं! 20 ची वेगळी गोळी मिळते. काही आठवडे ती, मग दिवसाआड, मग बंद. मधे जळजळलंच तर पातळ अँटासिड. मात्र थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि अँटासिड यांत चार तासांचं अंतर ठेवा.

तुम्ही गोळी कधी घेता, ते लिहिलेलं नाही. ती न्याहारीच्या अर्धा तास आधी हवी. खाणं पोटात गेलं की पंप जागे होतात आणि या गोळीला जागे पंपच सापडतात.

अल्सरमधून रक्तस्राव झाला असेल किंवा अ‍ॅस्पिरिन, वेदनाशामक यांच्या जोडीला ही दिली असेल, तर परस्पर थांबवू नका. काळी शौच, गिळताना अडकणं, वजन उतरणं यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर गाठा.

हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरात अल्सर करू शकणाऱ्या जंतूची तपासणी झाली होती का, तेही विचारा. श्वासाच्या तपासणीआधी गोळी दोन आठवडे बंद लागते, नाहीतर जंतू असूनही अहवाल कोरा येऊ शकतो. माझी पहिली तपासणी गोळी चालू असतानाच झाली होती. पुन्हा करावी लागली.