तीन वर्षांसाठी दुबईला बदली झाली आहे, मुलगी सातवीत जाईल. सीबीएसई शाळा घ्यावी की ब्रिटिश?

आधी परतीचं गणित मांडा. सातवी, आठवी, नववी तिकडे झाली की तुम्ही दहावीच्या तोंडावर भारतात याल. ब्रिटिश शाळेत आयजीसीएसई हा नववी-दहावीच्या पातळीचा साधारण दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि तुम्ही नेमके त्याच्या मध्यावर निघाल. तेव्हा मुक्काम खरंच तीनच वर्षांचा असेल, तर मी डोळे झाकून सीबीएसई म्हणेन. तो वाढायची दाट शक्यता असेल, तरच ब्रिटिश शाळेचा विचार करा (फीचा आकडा बसूनच वाचा).

दुबईत खासगी शाळांवर केएचडीए या सरकारी संस्थेची देखरेख असते. तिचे तपासणी अहवाल वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतात. नुसता 'आउटस्टँडिंग' शेरा बघून भुलू नका, गणित-विज्ञानाचं पान उघडा.

अरबी बिगर-अरब मुलांनाही शिकावी लागते. सातवीत पहिल्यांदा शिकणाऱ्यांसाठी वेगळा वर्ग आहे का, हे शाळेला स्पष्ट विचारा.

भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, ब्रिटिश शाळांचं ऑगस्टअखेरीस. टीसीचं (शाळा सोडल्याच्या दाखल्याचं) साक्षांकन, म्हणजे त्यावरचे अधिकृत शिक्के, भारतातून निघण्यापूर्वीच उरका, तिथून करणं फार जिकिरीचं. आणि घर शाळा ठरल्यावरच घ्या.