मॉस स्टिच विणताना दाणे न येता उभ्या पट्ट्या का पडतात? (सुलट-उलट येतं, स्वेटरसाठी ८० टाके घातलेत.)

टाके सम संख्येत घातलेत म्हणून. एक वाढवून ८१ करा आणि प्रत्येक ओळ 'एक सुलट, एक उलट' अशी विणून सुलटवरच संपवा. सम टाक्यांवर दर ओळ सुलटने सुरू केली की सुलटवर सुलट आणि उलटवर उलट येतं, म्हणजे चक्क बॉर्डरची वीण. दाणा उठतो तो सुलटवर उलट आणि उलटवर सुलट आल्यावर: समोर गाठ दिसली तर सुलट, इंग्रजी व्ही दिसला तर उलट. हे एकदा डोळ्यांत बसलं की मोजणं सुटतं. दादरला विणकाम शिकवते. नव्या मुली बहुतेक इथेच अडतात. दुसरी गोची दोऱ्याची. उलट टाक्याआधी दोरा दोन सुयांमधून पुढे घ्या, सुलटआधी मागे; सुईवरून फिरवलात तर फुकटचा टाका वाढतो. मुंढ्याला टाके घटवल्यावर मात्र 'ओळ सुलटने सुरू' हा नियम चालत नाही, तिथे खालचा टाका बघूनच विणायचं. ही वीण साध्या विणीपेक्षा आडवी पसरते, लोकरही जास्त खाते. आधी चार इंचांचा नमुना विणून मोजा. सैल वाटला तर ९ नंबरऐवजी १० नंबरची सुई घ्या. आपल्याकडच्या जुन्या मापात नंबर वाढला की सुई बारीक होते.