रात्रभर जागून पाठ केलेलं सकाळी का आठवत नाही?

तुम्ही लिहिलंय की जळगावात सीईटीची तयारी करताना रात्री ३ पर्यंत जागता आणि सकाळी डोकं कोरं वाटतं. यात बुद्धीचा दोष नाही, अपुऱ्या झोपेचा आहे.

वाचलेलं आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्ये कच्चं साठतं. गाढ झोपेत तिथल्या पेशी दिवसाचा तोच क्रम पुन्हा पुन्हा चालवतात आणि आठवण हळूहळू मेंदूच्या बाहेरच्या थरात, कॉर्टेक्समध्ये, पक्की होते. १९२४ मध्ये जेन्किन्स आणि डॅलनबाख या मानसशास्त्रज्ञांनी निरर्थक अक्षरं पाठ करायला लावून झोपेचा आठवणीवर होणारा परिणाम तपासला. मधले तास झोपेत गेले तर जास्त आठवलं, तेवढेच तास जागेपणी गेले तर कमी.

आपल्या खान्देशात एप्रिल-मेमध्ये उकाड्याची भर. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, तापलेल्या खोलीत ते लवकर उतरत नाही. जुनी माणसं धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, अंथरूण टाकायची, अगदी योग्य करायची. गच्ची असेल तर तुम्हीही टाका.

बाकी, पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारा: आज, परवा, मग आठवड्याने. पण आज रात्री साडेदहाला झोपाच.