नज्द-इराक सरहद्दीवर ‘दरोडे’ पडले की ‘धाडी’?

प्रश्न असा आहे: १९२२ ते १९३० या काळातल्या नज्द (म्हणजे मध्य अरबस्तान) आणि इराक यांच्या सरहद्दवादावर मराठीत लिहिताना ‘इख्वान टोळ्यांनी इराकच्या सीमेलगत दरोडे घातले’ असे वाक्य केले आहे. त्यातला ‘दरोडे’ बरोबर आहे का, की छापे, स्वाऱ्या, मुलूखगिरी यांपैकी काही घ्यावे? आणि ‘टोळी’ऐवजी ‘कबिला’ चालेल का?

थेट उत्तर: सर्वसाधारण निवेदनात ‘धाड’ घ्या. ‘दरोडा’ टाळा. ‘कबिला’ तर नकोच. मात्र या काळात एकच घटना तीन वेगवेगळ्या तोंडांनी सांगितली गेली आहे, आणि प्रत्येकासाठी मराठीत वेगळा शब्द हाताशी आहे. तो फरक राखला तर लेख समजायला सोपा जाईल.

आधी ‘दरोडा’ का नको ते पाहू. आपल्याकडे जुन्या दंड संहितेच्या मराठी पाठात पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. म्हणजे हा शब्द उच्चारला की त्यामागे कायदा, फौजदार आणि शिक्षा आलीच. शिवाय वसाहतकाळात १८७१ च्या कायद्याने इथल्या अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. ‘टोळी’ आणि ‘दरोडा’ एकत्र आले की मराठी वाचकाच्या मनात तोच शिक्का उमटतो. नज्दच्या वाळवंटात १९२२ पूर्वी नकाशावर सरहद्दीची रेषाच नव्हती, तिथे कोणाच्या कायद्याने दरोडा ठरवायचा?

पहिले तोंड बदूंचे, म्हणजे वाळवंटातल्या फिरस्त्या अरबांचे. त्यांचा यासाठीचा शब्द ‘गझू’. ‘गाझी’ हा आपल्या परिचयाचा शब्द त्याच धातूतून आला आहे. जुना गझू ठरीव पद्धतीचा असे. स्वार उंटांवरून निघत आणि घोड्या सोबत रिकाम्या चालवत नेत, कारण अखेरच्या झडपेला घोड्याचा वेग लागे आणि लांबचा पल्ला तहान सोसणारा उंटच काढू शके. पहाटे प्रतिपक्षाच्या कळपावर पडायचे, उंट हाकलून न्यायचे आणि पाठलाग पोचायच्या आत दूर जायचे. बायकांना हात लावायचा नाही. माणूस मारणे शक्यतो टाळायचे, कारण एका मुडद्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे रक्ताचे वैर लागे. आज आपले उंट गेले तर पुढच्या हंगामात आपणही त्यांचे आणू, असा हा बरोबरीच्या जमातींमधला व्यवहार होता. याला सर्वांत जवळचे चित्र महाभारतातल्या विराटाच्या गाईंच्या गोग्रहणाचे. जुन्या मराठीत गुरे ‘वळवून नेली’ असे म्हणत. तोच प्रयोग इथे चपखल बसतो: ‘धाड घालून दोनशे उंट वळवून नेले’.

‘धाड’ घेताना क्रियापद जपा. ‘धाड टाकली’ म्हटले की आजच्या वाचकाला प्राप्तिकर खाते किंवा पोलीस दिसतात. ‘धाड घातली’, ‘धाड पडली’ यांत जुना अर्थ अजून शाबूत आहे. ‘छापा’ वाईट नाही, पण आपल्या इतिहासात तो बहुधा रात्रीचा आणि लष्करी हेतूचा असतो. लाल महालातला १६६३ चा छापा सर्वांना ठाऊक आहे. ‘स्वारी’ राजाची किंवा सरदाराची, तीत राज्यसत्तेचा हुकूम गृहीत आहे. ‘मुलूखगिरी’ ऐकायला जवळची वाटते, पण ती नेमकी उलट्या दिशेची. काठेवाडात पेशवे-गायकवाडांच्या फौजा जात त्या वसुलीसाठी, म्हणजे राज्यसत्ता मुलखाकडून येणे उगवायला निघे. १८०७ मध्ये वॉकर या इंग्रज अधिकाऱ्याने तिथल्या जमीनदारांच्या रकमा कायमच्या ठरवून दिल्या, तेव्हा या फौजी फेऱ्यांचे कारण संपले. गझूत ठरलेल्या येण्याचा हिशेब नसतो.

आता दुसऱ्या तोंडाकडे, इख्वानांकडे. त्यांच्यासाठी ‘धाड’ अपुरी पडते. इख्वान म्हणजे नज्दचा सत्ताधीश इब्न सौद याच्या आश्रयाने ‘हिज्रा’ नावाच्या वसाहतींत स्थिरावलेले, कडव्या धर्मनिष्ठेने भारलेले बदू. मुतैर जमातीची अर्ताविया ही त्यांतली नामांकित वसाहत, आणि फैसल अद्-दुवैश तिचा प्रमुख. गझूचे जुने संकेत त्यांनी गुंडाळून ठेवले होते. हाती लागलेले पुरुष ते ठार करत, आणि इराकच्या बाजूचे मेंढपाळ त्यांच्या लेखी धर्मभ्रष्ट होते. ऑक्टोबर १९२० मध्ये कुवेतजवळ जहरा इथे आणि मार्च १९२२ मध्ये अबू घार इथे इराकच्या उंटदळावर त्यांनी जे केले, त्याला ‘हल्ला’ म्हणा. तिथे ‘उंट वळवून नेले’ असे लिहिले तर मेलेल्यांवर अन्याय होईल.

तिसरे तोंड करारांचे. अबू घारनंतर मे १९२२ मध्ये मुहम्मरा इथे तह झाला. त्यात कोणती जमात कोणाची हे ठरवले होते: मुंतफिक, धफीर आणि अमारत इराकच्या. इब्न सौदने त्याला मान्यता दिली नाही. मग त्या वर्षअखेरीस हसा प्रांताच्या किनाऱ्यावर उकैर बंदरात इराकमधला ब्रिटिश उच्चायुक्त सर पर्सी कॉक्स याने त्याच्यासमोर नकाशावर लाल पेन्सिलीने रेघ ओढली, आणि २ डिसेंबर १९२२ ला उकैरचा करार झाला. इब्न सौदचे म्हणणे होते की सरहद्द जमातींवरून ठरावी; जी जमात मला जकात (म्हणजे इस्लामी धर्मकर) देते तिची चराई जिथवर, तिथवर माझे राज्य. कॉक्सला मात्र अक्षांश-रेखांशांत सांगता येईल अशी रेघ हवी होती.

म्हणून ‘सरहद्द’ आणि ‘सीमारेषा’ हे शब्द इथे अदलाबदलीचे नाहीत. ‘सरहद्द’ पट्ट्यालाही लागू पडते (वायव्य सरहद्द प्रांत आठवा). ‘सीमारेषा’ ही फक्त रेघ. १९२२ च्या आधीच्या वर्णनात फक्त सरहद्द लिहा, कॉक्सच्या पेन्सिलीनंतर रेघेबद्दलच बोलायचे असेल तिथे सीमारेषा. जाता जाता, १९२५ च्या ‘हद्दा करारा’चा आपल्या ‘हद्द’शी संबंध जोडू नका, हद्दा हे जेद्दा-मक्का वाटेवरचे ठिकाण आहे.

तुमच्या वाक्यातला सर्वांत धोक्याचा शब्द खरे तर ‘सीमेलगत’ हा आहे. उकैर कराराच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे सरहद्दीनजीकच्या विहिरींचा किल्ले बांधण्यासारख्या लष्करी कामांसाठी वापर करायचा नव्हता, आणि तिथे फौजाही जमवायच्या नव्हत्या. १९२७ मध्ये इराकने बुसय्याच्या विहिरींवर पोलीस ठाणे बांधायला घेतले. इब्न सौद म्हणाला, करार मोडला. ब्रिटिश म्हणाले, हे ठिकाण रेषेपासून इतके आत आहे की त्याला नजीक म्हणताच येणार नाही. नोव्हेंबर १९२७ मध्ये मुतैर तिथे येऊन पडले, पोलीस आणि कामगार मारले गेले, मग ब्रिटिश विमानांनी वाळवंटात बाँब टाकले. १९२८ मध्ये ब्रिटिश प्रतिनिधी सर गिल्बर्ट क्लेटनने जेद्दाला जाऊन वाटाघाटी केल्या, त्याही याच ठाण्यांवर अडल्या. भाषांतरात ‘लगत’ लिहिले तर तुम्ही इराकच्या बाजूने निकाल दिला, कारण ‘लगत’ म्हणजे भिडून. ‘परिसरात’ लिहिले तर इब्न सौदच्या बाजूने. ‘नजीक’ लिहा, मूळ वाद जितका मोघम होता तितकाच तो राहील.

नज्द आणि इराक यांच्यातला १ नोव्हेंबर १९२५ चा बहरा करार या विषयात शब्दांच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. एका राज्यातल्या जमातीने दुसऱ्या राज्यात धाड घातली तर ती आगळीक मानायची, तिच्या सरकारनेच तिला कडक शिक्षा करायची, आणि जमातीच्या शेखला जबाबदार धरायचे. नुकसान मोजायला व जबाबदारी ठरवायला खास मंडळ. दोन्ही बाजूंचे सभासद सारखे आणि अध्यक्ष उभयपक्षी मान्य. याला ‘न्यायाधिकरण’ म्हणण्यापेक्षा ‘लवाद’ म्हणा, रचना तीच आहे. चराईसाठी पलीकडे जायला दोन्ही सरकारांचा परवाना लागे, पण खरोखरच चाऱ्यासाठी जात असतील तर तो नाकारता येत नसे. काल जो गझू होता तो या कलमांनी दोन राज्यांमधला तंटा झाला. कराराबद्दलच्या वाक्यांत म्हणूनच ‘आगळीक’ शोभते. ‘आक्रमण’ मोठे होते, त्यात फौजेने मुलूख घेण्याचा भाव आहे.

‘टोळी’ला मी पूर्ण नाही म्हणणार नाही, पण ‘टोळी पकडली’, ‘टोळीयुद्ध’ यांनी तो शब्द आता पोलिसी झाला आहे. जन्माने बांधलेल्या समूहाला ‘जमात’, आणि धाडीला निघालेल्या स्वारांच्या घोळक्याला ‘टोळी’, अशी विभागणी करा. ‘कबिला’ हिंदीत चालतो. अरबीतला मूळ शब्द तोच असला तरी मराठीत कबिला म्हणजे बायकामुले, घरचा परिवार. ‘कुटुंबकबिला’ आपण रोज म्हणतो. ‘मुतैर कबिल्याने हल्ला केला’ हे वाचताना मराठी माणूस अडखळेल. आणि ‘इख्वान टोळ्या’ही नको: इख्वान ही एक जमात नव्हती, तीत मुतैर, उतैबा, अजमान असे अनेक जमातींचे लोक होते.

याच लेखात पुढे दोन शब्द लागतील. उकैरला नज्द-इराक आणि नज्द-कुवेत यांच्यामध्ये दोन ‘तटस्थ पट्टे’ ठेवले गेले. इराककडचा नकाशावर शंकरपाळ्यासारखा दिसे. ‘तटस्थ’ हा रूढ शब्द ठेवा, पण पहिल्या उल्लेखात ‘म्हणजे सामाईक’ एवढे जोडा. दोघांचे हक्क सारखे आणि वाटणी बाकी, ही स्थिती सातबारा पाहिलेल्याला ‘सामाईक’ या शब्दातून लगेच कळते. कुवेतकडच्या पट्ट्याची वाटणी १९६५ च्या करारानेच झाली. दुसरा शब्द ‘खुव्वा’: दुबळ्या जमातीने किंवा गावाने बलिष्ठ जमातीला उपद्रव न देण्यासाठी व राखण करण्यासाठी द्यायचा ठराविक ऐवज. ‘चौथ’ लिहू नका, ते महसुलाचे ठरीव प्रमाण आहे. ‘संरक्षणाची खंडणी’ चालेल. शब्दशः अर्थ ‘भाऊपणाचे देणे’, आणि इख्वान म्हणजेही भाऊच.

तुमचे वाक्य मी असे करीन: ‘मुतैर जमातीच्या इख्वानांनी इराकच्या सरहद्दीनजीक मेंढपाळांवर हल्ले केले.’ बहरा कराराच्या परिच्छेदात: ‘अशी प्रत्येक धाड ही आगळीक मानून लवादापुढे न्यावी, असे ठरले.’